घनांचा नियम आणि पावशेर कलेजी

शुक्रवार, १ नोव्हेंबर १९४६
बाळंतपणापासून बायकोच्या, लिडियाच्या, अंगात रक्त नाही. चार पायऱ्या चढली की धाप. मिशनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हिमोग्लोबिन पंचावन्न टक्के. दर शुक्रवारच्या बाजारी पावशेर कलेजी खाल्लीच पाहिजे.

याच आठवड्यात शाळेच्या कपाटात एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात वाचलं: रक्तवाहिनीला फाटे उगाच फुटत नाहीत. नळी अरुंद ठेवली तर हृदयाला रेटा जास्त लागतो, रुंद ठेवली तर जादा रक्त पोसावं लागतं. शरीर सगळ्यात कमी कष्टाची वाट धरतं. म्हणून मूळ नळीच्या त्रिज्येचा घन बरोबर फाट्यांच्या घनांची बेरीज.

शेळीवर हे कुणी पडताळलंय का? नगर जिल्ह्यात तरी नाही. इथे मी विज्ञानाचा एकटाच मास्तर.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर, साडेपाच
सहादेव खाटकानं कलेजी राखून ठेवली होती, "बाईंसाठी" म्हणून. बेत: आधी मोजमाप, मग चूल. अर्धा तास पुरे.

सात वाजता
नसा चपट्या पडतात. मेणबत्ती वितळवून आत ओतली. (मिशनच्या देवळातली. एकच.) फाटे सुरेख उभे राहिले. कलेजी खाण्याजोगी राहिली नाही. खाटकाकडे संपली होती, असं लिडियाला सांगितलं. ती बरं म्हणाली. फार वाईट वाटलं. प्रार्थना आवरती घेतली.

शनिवार, ९ नोव्हेंबर
बीट आणलं. रंग तोच आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
आज आधी चूल, हे पक्कं होतं. पण एका नमुन्यावर नियम सिद्ध होत नाही. सहादेवनं विचारलं, बाईंना गुण आला का. आला म्हणालो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
तिसरी कलेजी. मूळ नळीचा घन चौसष्ट, फाट्यांच्या घनांची बेरीज एकेचाळीस. दोष शेळीचा असावा. लिडिया आज विहिरीवर कळशी टेकवून खालीच बसली. मी पाहिलं. पुढच्या वेळी अर्धी तिला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर
तपासणी. पंचेचाळीस टक्के. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर तिला विचारलं, कलेजी खातेस ना? मी चपलांकडे बघत राहिलो. लिडिया म्हणाली, "खाते की. दर शुक्रवारी."
बाई चकित झाल्या. मग हिला कलेजी लागू पडत नसेल, म्हणाल्या.

परतताना टांग्यात विचारलं, खोटं का बोललीस? बाळाच्या तोंडावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "तुमी दर बाजारी कलेजी नेता, ह्ये सहादेवच्या बायकूनं कवाच सांगितलं मला. मेनाचे फाटे बी दिसले. लई वर्सांनी तुमचं कशात मन लागलं हुतं, म्हून बोलले न्हाई. पन आता ह्याला दूध पुरंना."
टांगेवाल्यासमोर रडता येईना.

साडेसहा
बाजारातून आणलेली कलेजी थेट चुलीवर टाकली. नसा मोजायला आणलेलं स्क्रू गेज शाळेत परत देऊन आलो. लिडिया जेवताना समोर बसलो. तिनं एक जाड नस बोटांनी सोलून ताटाच्या कडेला ठेवली. "ह्याला दोन फाटे हायेत," म्हणाली, "घ्या."
घेतली. मोजायचा मोह होण्याआधी खाऊन टाकली.