पुसलेल्या खोल्या

सोमवार, ३ फेब्रुवारी
ऑफिसातल्या नव्या मॅनेजर बाईंनी सगळ्यांसमोर जाहीरच करून टाकलं — नव्या सिस्टीमची प्रमुख मी! घरं विकून देणारं आमचं ऑफिस, त्यात जन्म घालवलेले दलाल, आणि त्यांना कॉम्प्युटर शिकवणार कोण? तर हे गेल्यावर ह्यांच्या रिकाम्या टेबलाशी मालकांनी बसवलेली मी. पेन्सिलभाऊ — कानावर कायम पेन्सिल — म्हणाले, "वहिनी, आता या वयात आम्ही छड्या खायच्या का?" सगळे हसले. मीही हसले.
माहितीचं पुस्तक घरी आणलंय. दोनदा वाचीन. मला तेवढंच जमतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
नवं काम म्हणजे पुसापुशी. गिऱ्हाईक आता आधी फोनवर घर बघतं. म्हणून फोटोतून राहत्या माणसांच्या खुणा काढायच्या. भिंतीवरच्या तसबिरी, दारामागचे कपडे, फ्रिजवरची पोरांची चित्रं. बोट फिरवलं की गायब! मागची भिंत यंत्र आपली आपण रंगवतं. बाई म्हणाल्या, "घेणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसलं पाहिजे." बाई वाईट नाहीत. माझ्या लेकीच्या वयाच्या. आणि त्यांचं खरंच आहे — पुसलेली घरं लवकर जातात.
ह्यांचं नेमकं उलट. गिऱ्हाइकाला दारातच थांबवायचे. "या घरच्या वहिनी इथे बसून भाजी निवडतात. का? उजेड बघा!" कुणीतरी सुखात राहिलंय, एवढ्यावर घर विकायचे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पेन्सिलभाऊंनी आज एका फोटोतली आजीच पुसली. खुर्चीत बसलेली, जिवंत! "वहिनी, म्हातारी गेली हो!" असे काही ओरडले की बाई केबिनमधून धावत आल्या. हसून हसून पुरेवाट.
घरी पोचेपर्यंत हसू उरलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
लेकीचा फोन. तेच. "आई, घर विकू. माझ्या शेजारी छोटीशी जागा बघू." म्हटलं, बघू. "तुझं बघू म्हणजे नाही!" जीभ बापाची घेतलीय.
लोकांची घरं मी चुटकीसरशी मोकळी करते. ह्यांचा कोट मात्र चार वर्षं दारामागेच.

गुरुवार, २० फेब्रुवारी
हे कुणाला सांगण्यासारखं नाही.
यंत्र आता सगळं आपोआप पुसतं, बोटही नको. उद्या शिकवायला नमुना हवा होता. दुसऱ्याचं घर कशाला, म्हणून आपल्याच बाहेरच्या खोलीचा फोटो काढला. क्षणात कोट गेला. मग भिंतीवरच्या तसबिरीतले हे गेले. खिळासुद्धा उरला नाही. स्वच्छ, फिकट पिवळी भिंत.
वाटलं, आता आपण ओरडणार. ओरडले नाही. खोली मोठी दिसत होती. हलकी. मी बघत राहिले आणि — बरं वाटलं!
लिहिलं एकदाचं. बरं वाटलं.
पूर्ववत केलं. हे परत आले, तसेच हसत. पुन्हा पुसलं. पुन्हा आणलं. जेवणाचं भानच राहिलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
शिकवायला दुसऱ्याच घराचा फोटो वापरला.

रविवार, २३ फेब्रुवारी
दोन दिवस भिंतीकडे पाहिलं नाही. ह्यांची नजर चुकवायची म्हणजे हद्द झाली! माणूस तोंड लपवून स्वतःच्याच घरात किती दिवस राहणार? मीच लेकीला फोन केला. "काढू विकायला." तर ती म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?" एवढी मागे लागली होती, आता तीच रडते!

सोमवार, ३ मार्च
घराची जाहिरात टाकली. फोटो पुसला नाही. प्रमुखानेच नियम मोडला! बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. गेल्या.
दुपारी पहिला फोन. कुणी तरुण मुलगी. "काकू, भिंतीवर ते हसताहेत ते कोण?"
म्हटलं, "घर तेच दाखवतात. या."