सतराव्या प्रश्नाचं उत्तर

रविवार, ४ नोव्हेंबर

आलं! शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपते न संपते, तोच शिक्षण खात्याचं नवं खूळ. ‘विद्यार्थिनींना विज्ञानाविषयी काय वाटतं?’ तीस प्रश्न, पुढे चौकटी – ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. विज्ञान येतं का, हे कुणी विचारत नाही. वाटतं कसं, ते सांगा!

मुख्याध्यापिका सनिया अब्ला, म्हणजे आम्हा बाईंच्याही बाई, म्हणाल्या, “इनास, दमनहूर शहरात आपल्या शाळेचं नाक वर राहायला हवं.” नाक वर ठेवलं की पायाखालचं दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

शिक्षकांसाठीही वेगळं पान होतं. तअमियाच्या वड्याचा घास गिळता गिळता भरून टाकलं.

सोमवार, ५ नोव्हेंबर

दहावीला कागद वाटले.

“अब्ला, बरोबर उत्तर कुठलं?”

“बरोबर-चूक काही नाही. मनात असेल ते लिहा.”

“मनातलं? ते कुठल्या धड्यात आहे?”

वर्ग खिदळला. घरी भरून आणा म्हटलं. तिथंच चुकलं!

मंगळवार, ६ नोव्हेंबर

संताप संताप!

एक्केचाळीस कागद. चाळीस एकाच साच्यातले. खुणासुद्धा त्याच चौकटींत. खोदून विचारल्यावर कळलं – शिकवणीवाला अशमावी, भिंतीभिंतीवर ज्याचं थोबाड ‘रसायनाचा सुलतान’ म्हणून झळकतं, त्यानं आदर्श उत्तरं छापून वाटली! काय वाटतं, याची आदर्श उत्तरं! आणि या पोरींनी ती पाठ केली.

प्रश्न सतरा : मला प्रयोग करायला आवडतात. चाळीस जणी – पूर्ण सहमत. आमच्या प्रयोगशाळेला सहा वर्षं कुलूप आहे! आवडतं काय यांना, कुलूप?

एक्केचाळिसावा कागद हुवैदाचा. खिडकीपाशी बसते, शिकवणीला जात नाही. चौकटी सोडून शेजारी लिहिलंय – ‘माहीत नाही. कधी केला नाही.’

तासानंतर थांबवलं तिला.

“गुरुवारी शाखेचा अर्ज भरायचाय, अब्ला. विज्ञान घ्यावंसं वाटतं. पण बघितल्याशिवाय कसं घेऊ? कलिंगडवालासुद्धा सुरी लावून आत लाल आहे ते दाखवतो.”

शब्द दिलाय – अर्ज भरायच्या आत एक तरी प्रयोग. तिच्या हातानं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

सकाळी सनिया अब्ला : “त्या एका पोरीमुळे निकाल बिघडेल. तिला खोडरबर दे.”

“शाईनं लिहिलंय.”

“मग नवा कागद दे!”

नाही दिला. उलट म्हटलं, उत्तर बदलायचं तर प्रयोगशाळा उघडा. त्या म्हणाल्या, बिशाराला विचार.

बिशारा उस्ताद म्हणजे प्रयोगशाळेचे राखणदार. किल्ली कमरेला. आतली प्रत्येक नळी, प्रत्येक दिवा त्यांच्या नावावर. फुटलं की पगारातून कापतात. म्हणून कुलूप. फुटू नये म्हणून वापरायचंच नाही!

“मार्चपर्यंत थांबा, बाई. मी निवृत्त झालो की आख्खी लॅब फोडा, वर मिठाई धाडीन.”

“उद्या हवीय. दोन नळ्या आणि एक दिवा.”

“मग ही वही. दोनशे बारा वस्तू. घ्या स्वतःच्या नावावर – सही करा, किल्ली तुमची.”

“यातल्या शाबूत किती?”

“देव जाणे! मी तरी कुठं मोजल्या? आधीच्यानं माझ्याकडून अशीच सही घेतली होती.”

काय काय बोलले मी! खात्याला, सनियाला, त्या सुलतानाला, भेकड कारकुनांच्या या देशाला. बिशारांनी पेन पुढं केलं.

हातात घेतलं. उघडलंसुद्धा.

“घरी विचारून सांगते,” मी म्हणाले.

घरी आहे कोण? मांजर.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

कागद खात्याला पाठवायचे होते. गठ्ठा बांधायला हुवैदा आली. प्रयोगाचं तिनं विचारलं नाही, मी काढलं नाही. सगळ्यात वर शिक्षकांचं पान होतं, माझ्या सहीचं. प्रश्न नऊ : गेल्या वर्षी वर्गाकडून किती प्रयोग करून घेतले?

दोरी हातात धरून तिनं ते वाचलं.

“बारा?” एवढंच म्हणाली.

मग गाठ मारली. स्वतःचा कागद होता तसाच ठेवला. माझंच पेन मागून घेतलं आणि शाखेच्या अर्जावर लिहिलं – साहित्य.