काळ्या घोंगड्याचा कोट

१८ नोव्हेंबर, सोमवार

आई आजही सकाळी कुडकुडत बसली होती. मागच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. पदरानं काय थंडी जाते! माझं दुकान बायकांच्या कपड्यांचं. पेठच्या हायवेवर गाड्या थांबवून बाया माझ्याकडून हुडी नेतात, लोकरीच्या कुर्त्या नेतात, आणि माझीच आई दात वाजवत बसते. मला लाज वाटते.

आज तिसरा स्वेटर चढवून पाहिला. मरून रंगाचा, पुढून बटणांचा. "काढ बाई, नायलॉनचं हाय त्ये. अंगाला चिकटतंय." काढला. मी चिडले, ती नाही चिडली. दादा, आमचे वडील, गेले तेव्हापासून ती चिडतच नाही. सव्वा वर्ष झालं. भाऊबीजेला सुभाष आला तो तिला घेऊनच. "अक्का, थोडे दिस तुज्याकडं ठेव. शिनोलीत नुसती दादांच्या जागंकडं बघत बसती." इथं ती रस्त्याकडे बघत बसते.

१९ नोव्हेंबर

म्हटलं, "दादांचं घोंगडं आणलंयस ना गाठोड्यात? ते घे की पांघरून."

"बाईमाणसानं घोंगडं पांघरून बसायचं? गडी दिसंन मी."

मग सहज विचारलं, तुझ्यासाठी कधी विणलं होतं का गं? म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाई."

दिवसभर डोक्यात तेच. घरातल्या प्रत्येक घोंगड्याचं सूत हिनं कातलेलं. मेंढरांमागं चालता चालता, हातात चाती फिरवत. सनगराकडून विणून यायचं ते आधी आजोबांना, मग दादांना, सुभाषच्या लग्नात सुभाषला. हिच्या वाट्याला काय? आमची जुनी गोधडी! संताप आला. जेवताना बोलून गेले, "मी कोट शिवते त्या घोंगड्याचा. कोटाला कोण हसतंय बघू."

 

२२ नोव्हेंबर

सकाळी मशीनवर घडी घातलेलं काळं घोंगडं! "काप," म्हणाली. एवढंच.

हात लावला आणि रडायलाच आलं. नाकाशी धरलं तर फक्त डांबरगोळ्यांचा वास. दादांचा वास एवढ्यात गेला? खांद्यापाशी बिडीनं पडलेलं भोक होतं, ते पण दिसेना. आईनं रफू केलं असणार, तिचा हातच तसा आहे. एका कोपऱ्यावर मात्र पिवळे डाग. शेवटी शेवटी दादांच्या पायाला जखम होती, आई हळद भरायची. ते डाग राहिले.

दुपारपर्यंत कात्री नुसती हातात. मग चालवली.

२५ नोव्हेंबर

घोंगडं शिवणं म्हणजे खायचं काम नाही. दोन सुया मोडल्या. कॉलर गोल ठेवलीय, गळ्याला टोचायला नको. लांबी गुडघ्यापर्यंत. आतून अस्तर तिच्याच जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पिवळा कोपरा टाकायला हात होईना. पुढच्या घेरात घेतला, डाव्या बाजूला. दादा राहतील तिच्याबरोबर.

२८ नोव्हेंबर

घातला!!

मुख्य म्हणजे खिसे. जन्मात पहिल्यांदा हिला खिसा मिळाला. पानाची चंची आत ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली. दोन्ही हात खिशात घालून दुकानाच्या दारात उभी राहिली, एखाद्या बाईसाहेबांसारखी. मंचरच्या एक मॅडम कुर्ती बघायला आल्या होत्या. "हा कुठल्या ब्रँडचा? मला असाच हवा." आई म्हणाली, "आमच्या मेंढरांचा."

आणि हसली. मी पाठ फिरवून गुंड्या मोजायला लागले.

३ डिसेंबर

ढग आलेत, थंडी पळाली. आई कोट काढत नाही. राहू दे.

सुभाषचा फोन. चंपाषष्ठीला या म्हणे, तळी भरायचीय. "देवाचं घोंगडं पेटीत न्हाई. आईच्या गाठोड्यात गेलं का बघ." आईला विचारलं. "माज्याकडंच हाय. मी आणती," म्हणाली. देवाच्या पेटीला आम्ही पोरी कधी हात लावत नव्हतो. तळीच्या वेळी गड्यांच्या पायांमधून दिसायचं तेवढंच ते घोंगडं.

७ डिसेंबर, शनिवार

कसं लिहू?

शिनोलीला पोचलो. ताट तयार, खोबरं, भंडारा. पाच गडी जमले. सुभाष म्हणाला, "आई, घोंगडं दे." आई कोट घालून उभी.  सुभाषची नजर कोटाच्या घेरावर गेली. खाली वाकला, तो पिवळा कोपरा बोटांत धरला.

"अक्का. ह्ये देवाचं हाय."

मी म्हटलं, अरे नाही, दादांचं आहे, हळदीचे डाग आहेत ते—

"हळद? धनगराच्या घरात जल्मलीस, आन तुला भंडारा कळंना?"

 आजोबांच्या काळापासून ज्याच्यावर तळी भरली, त्याला मी कात्री लावली. खिसे केले त्याचे! सोनल, सुभाषची बायको, तोंडाला पदर लावून बसली. कुणीतरी म्हणालं, आता तळी कशावर भरायची?

तेव्हा आईनं कोट काढला. सावकाश, एकेक गुंडी. देवापुढं जमिनीवर अंथरला, लोकर वर, अस्तर खाली, बाह्या नीट पसरून. "ठेवा ताट. सूत मीच कातलंय ह्याचं. देवाला ठावं हाय."

कुणी हलेना. मग कुशाबानाना, दादांचे थोरले चुलतभाऊ, पुढं झाले आणि ताटाला हात लावला. एकेक करत चौघं झाले. पाचवा सुभाष. उभाच. शेवटी आला, पण डोळे वर केले नाहीत. येळकोट म्हणताना त्याचा आवाज फुटत नव्हता.

ताट उचललं, आईनं कोट झटकला आणि परत अंगात घातला. भंडारा सांडला होता त्यावर. मला जेव कुणी म्हणालं नाही. "मी उज्जीसंगं जाती," आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.

८ डिसेंबर

दुकान उघडलं नाही.

१२ डिसेंबर

थंडी परत पडली. सुभाष फोन उचलत नाही. सोनलनं उचलला, हळू आवाजात. "ते म्हणत्यात, अक्कानं देवावर कात्री चालवली. आता राखी नको न् भाऊबीज नको." बोलून ती पण रडली.

आईला विचारलं, तू का नाही सांगितलंस मला? "थंडी लई वाजत व्हती," म्हणाली. हे काय उत्तर झालं? वय झालंय तिचं. गाठोड्यातून चुकीचं निघालं असेल हातात, दोन्ही काळीच. पण मी तर बघायचं! रोज कापड हाताळते मी. मग दादांचं कुठं गेलं, तेही विचारलं. "गेलं," म्हणाली.

एकच भाऊ आहे मला. दादांनंतर माहेर म्हणजे तोच.

१५ डिसेंबर, रविवार

आई दारात उन्हाला बसली होती म्हणून तिचं गाठोडं उन्हात टाकायला सोडलं. दोन लुगडी, चोळ्या, आणि तळाशी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, दादांचं घोंगडं. अख्खं. बिडीचा, मेंढरांचा वास. खांद्यापाशी भोक. माझं बोट त्यातून आरपार गेलं.

मान वर केली तर आई समोर, कोटाच्या खिशात हात घालून.

"देवाला दुसरं इनून मिळंल, उज्जे. ह्यांचं कुटनं आणू?"

होतं तसं बांधून ठेवलं. सुभाषला सांगायचं नाही. चूक माझीच राहू दे.