अप्पा, मिशी काढली

माझे अप्पा,

आज तुमचा दहावा. पैठणला गोदाकाठी न्हाव्यानं आधी डोक्यावरचे केस उतरवले, मग वस्तरा मिशीवर फिरवला. आरशात बघितलं तर ओठ सगळे उघडे! हे ओठ दिसावेत म्हणून तुम्ही किती वर्षं मागं लागला होता! घरी आलो आणि आधी तुम्हालाच लिहायला बसलो.

चितेगावच्या कंपनीत पत्र्याच्या प्रेसच्या दणदणाटात तुमची तीस वर्षं गेली आणि कान तिथंच राहिले. मग तुम्ही समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला लागलात. आईचं सगळं कळायचं, नातीचंही कळायचं. माझं मात्र मिशीआड अडायचं.

"जरा कातर रं त्या मिशा. ओठ दिसंनात मला."

"बाप जिवंत असताना मिशी काढत नसतात, अप्पा!" मी ऐटीत सांगायचो. हे मात्र तुम्हाला बरोबर कळायचं.

"कातर म्हणलं, काढ नाय म्हणलं!"

आणि मी ओरडायचो. शहागंजच्या बाजारातून मटार आणायला सांगितले आणि तुम्ही बटाटे आणलेत, तेव्हा तर दारात उभा राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. तुम्ही पिशवी धरून तसेच उभे. म्हणालात, "वरडू नको. भैरा हाय मी, येडा नाय."

किती साधं मागणं होतं तुमचं! समोर बस, तोंड दाखव, सावकाश बोल. मिशीला पीळ मी द्यायचा आणि दोष तुमच्या कानांना?

पण तुम्हीही काही कमी नव्हता हं! कळलं नाही की परत विचारायचं सोडून खुशाल "व्हय" म्हणायचात. लग्नात व्हय, बँकेत व्हय. का हो अप्पा? आम्ही वैतागू म्हणून?

शेवटच्या दिवशी दवाखान्यात तुमचा हात धरून मी म्हणालो, "अप्पा, माझं चुकलं." तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "व्हय."

कळलं होतं का तुम्हाला? दहा दिवस हेच डोक्यात घोळतंय. फार आठवण येते हो. एकदाच समोर येऊन बसा, परत सांगतो.

आईलाही आता कमी ऐकू यायला लागलंय. काल तिला विचारलं, "चहा घेतेस?" ती "व्हय" म्हणाली आणि उठून दार उघडायला गेली. शब्द देतो अप्पा, मिशी पुन्हा ठेवणार नाही. आईसमोर बसून बोलेन, आणि तिनं व्हय म्हटलं की तिला काय ऐकू आलं ते विचारल्याशिवाय जागचा उठणार नाही.

तुमचा,
बाळू