मुलांची कंबर, मुलींचं मनगट

बाबा, टेनिस अकादमीवाल्यांनी पालकांच्या खुर्च्या काढून टाकल्या आहेत. जगात युद्धं चालू असताना हा विषय काढावा लागतो याचा मला खेद आहे, पण काढते. परवापर्यंत कोर्टाच्या कडेला पाठ टेकता येईल अशा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. कुरूप होत्या, कबुतरांनी रंगवलेल्या होत्या, आणि माझ्या मते मानवी संस्कृतीचा कळस होत्या. आता तिथे वेताचे मुड्ढे आलेत, रंगीत दोऱ्यांनी विणलेले, पाठ नसलेले. जयपुरात एखादी गोष्ट गैरसोयीची करायची असली की तिला पारंपरिक करतात. मी मॅनेजरकडे रीतसर तक्रार केली. ‘मैडमजी, हेरिटेज लुक है’ म्हणून त्याने मला चहा पाजला, आणि मी त्या हेरिटेजवर ताठ बसून तुमच्या नातीचा सराव पाहत राहिले.

तुमची नात, म्हणजे माझी लेक, तुम्ही पाहिली नाहीत. पंधरा वर्षांची आहे, तुमच्यासारखी भुवई उंचावते, आणि तुमच्या अमरावतीच्या मराठीतलं तिच्याकडे ‘का’ऐवजी ‘काहून’ एवढंच उरलंय. बाकी सगळं हिंदीच्या रस्त्याने येतं. गेल्या वर्षी राज्याच्या संघातली तिची जागा थोडक्यात हुकली. यंदा निवडीचे सामने पुढच्या आठवड्यात होते, आणि घरात वर्षभर दुसरा विषय नव्हता. मुड्ढ्यावर बसल्या बसल्या मला दिसलं की दोन्ही हातांनी बॅकहँड मारला की ती डावा हात लगेच सोडून देते आणि घाम पुसल्यासारखा स्कर्टवर घासते. उजव्या हाताला घाम येत नव्हता. घरी जाताना विचारलं तर म्हणाली, काही नाही. मला मनगटाचा संशय आला, म्हणून मी तिच्या कोचला फोन केला. तो मनापासून हसला. लड़कियों की कलाई नाज़ुक होती ही है, टेप बाँध देंगे, म्हणाला. आणि मला तुम्ही आठवलात, जेवणाच्या टेबलावर, हातात काकडी.

‘मुलांची कंबर जाते, मुलींचं मनगट.’ हा तुमचा सिद्धांत. तुम्ही अमरावतीहून इथे जयपूरच्या सरकारी दवाखान्यात आलेले हाडांचे डॉक्टर, वर क्लबमध्ये खेळणाऱ्या पोरांना फुकट तपासणारे, तेव्हा तुमच्याशी वाद कोण घालणार? आई वाढायची आणि दादा मान डोलवायचा. एकदा दादाचंच मनगट दुखत होतं, त्यालाही तुम्ही पेन नीट धर म्हणून सांगितलं होतं, कारण मुलाच्या मनगटाला तुमच्या शास्त्रात जागाच नव्हती.

शनिवारी माझी शाळा अर्धी असायची आणि मी तुमच्या ओपीडीच्या बाकावर बसलेली असायचे, तुमची स्कूटर आदर्श नगरला, घरी निघायची वाट पाहत. मला दिसतंय ते. मुलांना वडील घेऊन येतात. मुलगा जरा वाकडा चालला की आणलाच, उद्या सामना आहे डॉक्टरसाहेब, काहीतरी करा. मुलींना आया आणतात, आणि फार उशिरा आणतात. एका आईचं बोलणं अजून कानात आहे: रोटी भी नहीं बेल पा रही. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे लोकांना चिडवणारे लेख लिहून पोट भरायला लागले, तेव्हा कळलं. मुलीचा गुडघा वर्षभर दुखला तर तो तिचा खासगी मामला असतो. मनगट दुखलं की संध्याकाळच्या कणकेचा प्रश्न येतो, आणि मग घरादाराला डॉक्टर आठवतो. बाबा, तुमच्या ओपीडीत मुलींची मनगटं यायची, कारण बाकीच्या मुली घरीच राहायच्या.

माझी कंबर अशीच घरी राहिली. चौदा वर्षांची असताना सर्व्हिस करताना मी पाठ मागे धनुष्यासारखी वाकवायचे, तुम्हीच कौतुक करायचात. मग दुखायला लागलं. आईने ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. तुम्ही वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणालात, मुलींची कंबर टेनिसने दुखत नाही, महिन्याचं असेल. मी तो सगळा हंगाम खेळले. हिवाळ्यात कानोत्याच्या धरणावर आपली सहल गेली, पुऱ्या खाऊन झाल्या, सगळे सतरंजीवरून उठले आणि मी उठूच शकले नाही. दादाला वाटलं मी नाटक करतेय. तुम्हाला नाही वाटलं. तुमचा चेहरा मी खालून पाहत होते.

एक्सरे तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरलात, कारण तिथे ऊन चांगलं यायचं. मणक्याला बारीक तडा होता. गॅसवर पोहे करपत होते, आईही ते विसरली होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “तुझी कंबर चुकीच्या माणसाने पाहिली.”

त्यानंतर तो सिद्धांत टेबलावर पुन्हा आला नाही. बाजारात मिळणारे कमरेचे पट्टे सगळे पुरुषांच्या मापाचे होते, म्हणून तुम्ही मला जुन्या शहरातल्या, चारदीवारीच्या आतल्या एका मोजडीवाल्याकडे नेलंत आणि भर दुकानात टेपने माझं माप घेतलंत. त्याने मऊ चामड्याचा पट्टा शिवला, आणि कोणी न सांगता त्यावर लाल दोऱ्याची वेलबुट्टी काढली. शाळेच्या गणवेशाखाली नवरीच्या मोजडीसारखी कंबर घेऊन मी कित्येक महिने हिंडले. टेनिस सुटलं ते सुटलंच.

तर माझा हिशोब पक्का होता: तुमचा सिद्धांत म्हणजे कणकेचा सिद्धांत. यावर मी एक लेखही लिहिला होता, फार टाळ्या मिळाल्या. आणि आता तुमची नात मनगट स्कर्टवर घासतेय. या मुलीने जन्मात कणीक मळलेली नाही. पोळी गोल असते हे तिला केवळ अनुमानाने माहीत आहे. मग हिचं मनगट का? तुम्ही बरोबर होतात की काय? चुकीच्या कारणाने बरोबर होतात? की माझ्या बाबतीत चुकलात, एवढ्यावरून मी तुम्हाला सगळीकडेच चुकीचं ठरवलं?

मी तिला एका हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई, अगदी शांत. मी तुमचा सिद्धांत तिच्यापुढे ठेवला, तुमचं नाव न घेता. ती म्हणाली, तिच्याकडे मुलगे जांघेचे आणि मांडीचे स्नायू दुखावून जास्त येतात. मुली खांदा, मनगट, पाऊल घेऊन. पण अभ्यास वाचायला बसलं तर एक असं म्हणतो, दुसरा तसं, आणि बऱ्याच दुखण्यांत फारसा फरकच सापडत नाही. दोन हातांचा बॅकहँड मारणाऱ्याचं डावं मनगट दुखू शकतं, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि कोण किती दिवस सांगत नाही, यावरही बरंच असतं, असं म्हणून तिने नातीकडे पाहिलं. नात छताकडे पाहत होती. दुखतं का, तर थोडंसं. कधीपासून, तर आत्ताच. डॉक्टर म्हणाली, स्कॅन करू, पण ही खरं सांगत नसेल तर मी अर्धी आंधळी आहे. मी बाहेर पडले ती आत शिरताना होते त्याहून जास्त गोंधळलेली. फी देऊन गोंधळ विकत घेतला असं लिहिणार होते, पण बाईंचं चुकलं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, मला खरं सांग. सामने जाऊ देत, मनगट एकच आहे. ती चिडली. सगळ्यांचंच दुखतं, कुणी बोलत नाही, बोललं की बाहेर बसवतात, मतलब एवढं पण कळत नाही का तुला? मी वकिलासारखी उलटतपासणी करत राहिले. मग ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “तू सकाळी उठताना कपाट पकडतेस. रोज. मी विचारते तर म्हणतेस, काही नाही. पहले तू सांग ना.”

माझ्याकडे शब्द असतात, बाबा, तोच माझा धंदा आहे. या दुखण्यावर मात्र मी आजवर एकही खर्चला नव्हता. मग मी सांगितलं. कुठे दुखतं, कसं दुखतं, भांड्यांसाठी वाकताना काय होतं, कोणत्या बाजूवर झोपता येत नाही. ती ऐकत राहिली, आणि मी संपवल्यावर तिने डावा हात टेबलावर ठेवला. उजव्या हाताचं बोट करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या खळग्यात नेमकं टेकवलं. इथे. दिवाळीपासून. बाटलीचं झाकण पण उघडत नाही. मग रडली, आणि रडून झाल्यावर तिने स्वतःच कोचला फोन लावला. मी दुसरीकडे बघत होते. ती म्हणाली, “सर, दर्द है. टेप से नहीं जाएगा. इस बार नहीं खेलूँगी.” पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. तिने ते वाक्य परत तसंच म्हटलं.

संघातली जागा यंदाही गेली. बरोबर झालं का, मला माहीत नाही. दुखणं शरीरात किती असतं आणि न सांगण्यात किती, तेही माहीत नाही. तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही काहीतरी ठाम सांगितलं असतंत, आणि मी त्यावर चिडले असते, तेवढंच बरं वाटलं असतं.

हे पत्र मी कुठे टाकणार, तुमचा पत्ता तर नाही. तरी एक उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलंय. मी लग्न होऊन गेले तेव्हापासून तुम्ही शेवटच्या आजारापर्यंत प्रत्येक फोनवर, इकडचं तिकडचं सगळं बोलून झाल्यावर, ठेवायच्या आधी विचारायचात, कंबर काय म्हणते? आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, काही नाही, छान आहे. तुमची दया येऊन म्हणायचे की तुम्हाला शिक्षा म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुखते, बाबा. डावीकडे. थंडीत जास्त.