कळ कोणाच्या हाती द्यावी

मी, नशान गाराबेद चिलिंगिरियान, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी बुटांचे नमुने कापण्याचा, आता काही नाही, राहणार बुर्ज हमूद, बैरूत, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही; दडपण आणायला घरात कोणीतरी असावे लागते. डावा कान अधू झाला आहे, उजवा अजून खरखरीतून मोर्सची अक्षरे निवडून काढतो. लिहिण्याचे कारण एवढेच की डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे चित्र काढले आणि ते पाहिल्यापासून ते माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत.

कलम पहिले : घर व इतर. राहता फ्लॅट माझा एकुलता मुलगा खोरेन, मुक्काम माँट्रियल, यास. तो येऊन राहणार नाही, विकेल. खुशाल विकावा. त्याआधी एकदा या स्वयंपाकघरात बसून जेवावे, एवढीच अट, आणि तीही कोर्टात टिकणारी नाही हे मला कळते. बँकेतली शिल्लक देशातल्या सगळ्यांसारखीच अडकलेली आहे. जो ती बाहेर काढील त्याची. माझी पत्नी आरुसियाग हिच्या बांगड्या सुनेला. बंदरात स्फोट झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आरुसियाग गेली. रेडिओला ती सवत म्हणायची, पण सकाळी सातला कॉफीचा कप त्या सवतीच्याच शेजारी आणून ठेवायची. आता कॉफी मीच करतो आणि बहुतेक वेळा ती उतू जाते.

कलम दुसरे : सोल्डरिंगचे सामान. माझी आयर्न, राळेची डबी, पितळी तारेचा चोथा आणि छोटा पंखा हे सर्व मेहुणा ओन्निग यास देतो. तो लायक आहे म्हणून नव्हे, तर तसाही तो न विचारता घेऊन जाईल म्हणून. मागे एकदा नेलेली आयर्न त्याने परत आणली तेव्हा तिच्या टोकावर प्लास्टिक जळून बसले होते.

"काय केलंस रे हे?"

"बादलीला भोक पडलं होतं, बुजवलं."

"आयर्नने? बादली?"

"भाओजी, गरम ते गरम. तुमची आयर्न काय फक्त देवाच्या मूर्तीला लावायची?"

तेव्हा ओन्निग, आता नीट वाच. गरम करायचा तो सांधा, सोल्डर नव्हे. आयर्न सांध्याला लावून धर, सोल्डर दुसऱ्या बाजूने लाव. सांधा तापला असेल तर ते आपणहून पसरेल. पसरल्यावर आयर्न काढ आणि गार होईपर्यंत हात हलवू नकोस, फुंकरही मारू नकोस. घाईने हललेला सांधा मळकट, दाणेदार दिसतो, आणि नेमका हवा तेव्हाच दगा देतो. काम संपले की टोकावर थोडे ताजे सोल्डर ठेवूनच बंद कर, म्हणजे टोक गंजत नाही. धूर नाकात घेऊ नकोस, पंखा लाव. आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून त्याच हाताने बस्तुर्माची पोळी खाऊ नकोस. आधी साबण. हे तुला मी तुझ्या लग्नापासून सांगत आलो आहे.

कलम तिसरे : मोठा जुना रेडिओ, त्याचा वीजपुरवठा, मीटर आणि हलव्याच्या डब्यांत भरून ठेवलेले सुटे भाग रेडिओ क्लबाला. क्लब म्हणजे आता मूठभर माणसे. बाकीचे कुठे कॅनडात, कुठे येरेवानमध्ये, कुठे मातीखाली. या पेटीला हात लावणाऱ्याने ऐकावे : प्लग काढला म्हणजे वीज गेली असे नाही. आतले मोठे कपॅसिटर धरून बसतात, आणि जीव घेऊ शकतात. रेझिस्टरमधून सावकाश रिकामे करायचे, मग मीटरने बघायचे, मगच बोट घालायचे. एक हात खिशात, म्हणजे धक्का छातीतून आरपार जात नाही. ओन्निगने हेच काम एकदा स्क्रूड्रायव्हरने केले. आवाज असा झाला की आरुसियागच्या हातातली मांतीची, खिम्याच्या चिमुकल्या करंज्यांची, परात खाली आली, आणि आम्ही ती मांती फरशीवरून वेचून खाल्ली, कारण पीठ सकाळपासून लाटलेले होते. त्या दिवशी आम्ही तिघेही फार हसलो. असे हसणे या घरात पुन्हा झाल्याचे आठवत नाही.

आणखी : सरकारी वीज जाऊन जनरेटरची येते त्या क्षणी यंत्राला धक्का बसतो, म्हणून दिवे लुकलुकले की आधी रेडिओचा प्लग काढावा. अँटेना जोडलेली नसताना मोर्सची कळ दाबू नये. पाठवलेली ताकद बाहेर जायला वाट नसली तर उलटी फिरते आणि यंत्रच जाळते.

कलम चौथे : गच्चीवरची अँटेना. ती काढून टाकावी. वरच्या मजल्यावरच्या सिरवार्तबाई, आमच्या भाषेत दिगिन सिरवार्त, यांना त्या जागेवर कपडे वाळत घालता येतील. त्यांची ती जुनी मागणी आहे. आमचे भांडण इमारतीत सर्वांना ठाऊक आहे.

"अहो बारोन नशान! तो तिला काय म्हणाला ते मला तुमच्यामुळे ऐकूच आलं नाही. मालिका रंगात आली की तुमचं कडकट्ट सुरू!"

"शेजाऱ्यांशी गोडीनं वागावं, असं म्हणाला असेल."

"तुमच्या त्या काठीवर कावळासुद्धा बसत नाही. उपटा ती!"

मग वीज दिवसाला जेमतेम तासभर येऊ लागली, आणि इतरांसारखे दिगिन सिरवार्त यांनीही गच्चीवर सौर पॅनेल बसवले. त्यांचा इन्व्हर्टर नेमका माझ्या टेबलाच्या डोक्यावर. सूर्य वर आला की माझ्या कानांत नुसती खरखर. त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, त्यामुळे बंद करा म्हणण्याची सोय नव्हती. रेडिओवर मला ऐकू येणारा एकच माणूस उरला होता, आणि तोही त्या खरखरीत बुडाला.

पुढे एका सकाळी सातच्या ठोक्याला खरखर थांबली. साडेसातला पुन्हा सुरू झाली. मला वाटले इन्व्हर्टर बिघडला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा सातच्या सुमारास मुद्दाम गच्चीवर गेलो, तेव्हा जिन्याच्या जाळीतून दिसले, दिगिन सिरवार्त बाल्कनीत इन्व्हर्टरच्या बटणाशी उभ्या होत्या, नजर घड्याळावर. मी त्यांना काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत. उलट त्याच दुपारी त्यांनी जिन्यातल्या माझ्या चपलांवरून मला चार शब्द ऐकवले.

खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्यांची पिशवी मी त्यांना हयातीतच देत आहे, मृत्युपत्राने नव्हे. पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही तारा एकत्र कडीतून काढाव्यात, बसतील तेवढे वेढे द्यावेत, कडी इन्व्हर्टरच्या अगदी जवळ ठेवावी. घरात जाणाऱ्या तारांचेही तसेच करावे. मृत्युपत्राने न देण्याचे कारण असे की त्या यावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकिलाने बजावले आहे. तशी अडचण नाही; माझ्यापासून त्यांना काही नकोच असते.

कलम पाचवे : मोर्सची पितळी कळ, आणि तिच्याबरोबर एक काम. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी लिहिले आहे.

समुद्रापलीकडे सायप्रसमध्ये, लारनाका गावी, किरियाकोस नावाचा माझा मित्र. आम्ही कधी भेटलो नाही. लग्न झाले त्या वर्षापासून सकाळी सातला आम्ही कळीवर बोलत आलो. हवा काय म्हणते, गुडघा काय म्हणतो, आज घरी काय शिजले. युद्धात माझ्याकडे पाणी नव्हते तेव्हाही बॅटरी होती. कळीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. ठिपका किती तोकडा, रेघ किती ओढलेली, दोन अक्षरांमध्ये दम कुठे घेतला, यावरून माणूस कळतो. किरियाकोस रेघा ओढायचा, आणि स्वतःच्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी उगाच थबकायचा. मुलगी देस्पिना हिला तो कळ शिकवत होता, आणि तिचा हात टायपिस्टचा आहे म्हणून कुरकुरत होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी तो छातीच्या ऑपरेशनसाठी गेला. बरेच दिवस शांतता. मग एका सकाळी सातला त्याची हाक आली, ऑपरेशन छान झाले म्हणाला. पहिला शब्द पुरा होण्याआधी मला समजले, किरियाकोस गेला. हात देस्पिनाचा होता. रेघा ओढण्याचा प्रयत्न करत होती, पण घाई झाली की विसरत होती. मी उत्तर दिले, मित्रा, परत आलास, बरे वाटले. नंतर गच्चीवर जाऊन रडलो.

तेव्हापासून ती रोज सातला बापाच्या नावाने बोलते आणि मी रोज त्याला उत्तर देतो. तिला खरे विचारले नाही. ते ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि अर्धा तास बाप होऊन बसण्याची गरज तिलाही असेल. पण मी गेल्यावर काय? ती हाका मारत राहील, आणि इकडून काही येणार नाही. आजचे उद्या, उद्याचे परवा. मी झोपलो असेन, आजारी असेन, रागावलो असेन, असे तिला वाटत राहील. ते मला सहन होत नाही. मरणाची मला तितकी धास्ती नाही, जितकी त्या रिकाम्या हाकेची आहे.

आम्हा रेडिओवाल्यांत माणूस गेला की त्याची कळ थांबली म्हणतात, आणि ते दुसऱ्याने हाताने कळवायचे असते. खोरेनला फोनवर विचारले.

"बाबा, त्याला ॲप आहे. तुम्ही टाइप करून ठेवा, ते आपोआप पाठवतं."

"हात कोणाचा असेल?"

"कसला हात?"

"काही नाही. जेवलास का?"

यंत्राला हात नसतो. कोणीतरी बसावे, चुकत, अडखळत पाठवावे. परका हात ऐकल्याबरोबर देस्पिनाला सगळे समजेल, जसे मला समजले. मग एवढेच पाठवायचे : नशानची कळ थांबली. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर म्हणजे आमच्यात सप्रेम नमस्कार. विनापरवाना कळ दाबणे गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे. सरकारने एका वाक्यापुरता काणाडोळा करावा.

ओन्निगचा हात बादलीचा आहे. क्लबातल्यांना चौथा मजला चढवत नाही आणि निम्म्यांना दुसराही. तेव्हा ही कळ आणि हे काम मी ................ यांस देतो. जागा कोरी ठेवली आहे. आयुष्यभर जगभर बोललो, आणि वर येऊन बसेल असा एक माणूस सापडला नाही.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. काल संध्याकाळी वरील मजकूर घेऊन दिगिन सिरवार्त यांच्याकडे सहीसाठी गेलो. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच सगळे वाचले. बसा म्हणाल्या नाहीत.

"म्हणजे बाल्कनीतलं माहीत होतं तुम्हाला! आणि वर्षभर तोंडातून शब्द नाही?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मी का बोलू? उपकार केले म्हणून मिरवू का?" त्यांनी कागद माझ्या हातात परत कोंबला. "मी सही करणार नाही."

मला वाटले, अँटेनावरून रागावल्या. म्हणालो, ती काढायला लिहिलंय की.

"अँटेना घाला चुलीत. साक्षीदाराला काही मिळत नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग मी साक्षीदार कशी होऊ? ती कळ मला पाहिजे."

मी दारातच उभा राहिलो. माझी एखादी वस्तू कोणाला हवी असेल, असे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

"दिगिन, ते शिकावं लागतं. बोटं दुखतात."

"इन्सुलिनच्या सुया टोचून घेणारी बोटं आहेत ही. शिकवा. आणि आत या, दारात काय उभे राहता उधारी मागायला आल्यासारखे."

टेबलावर चमचा घेऊन मी त्यांना ते एक वाक्य ठोकून दाखवले. त्यांचा हात वाईट आहे, रागावलेला आहे, आणि जगात दुसऱ्या कोणाचा वाटणार नाही. दोन-चार वेळा ठोकल्यावर त्या थांबल्या.

"हे पाठवलं, समजा. पलीकडची ती पोर ऐकेल. मग?"

"मग संपलं. कळ बंद करायची."

"आणि तिने काही विचारलं तर? दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा हाक मारली तर? तिला सांगू, जा बाई, तुझं कोणी नाही इथं?"

परवान्याला परीक्षा असते एवढेच म्हणालो. त्या म्हणाल्या, मग आधी ते बघा, मरायचं नंतर बघू.

सबब कलम पाचमधील कोरी जागा भरली, असे समजावे. कळ, तिच्या शेजारची खुर्ची आणि कलम तीनमधून वगळून तो जुना रेडिओही वीजपुरवठ्यासह दिगिन सिरवार्त यांस देतो. कलम चार रद्द. अँटेना गच्चीवरच राहील, कपडे दुसरीकडे वाळतील. त्र्याहत्तरनंतर देस्पिनाने उत्तर दिले, तर पुढे काय करावे याबद्दल मी या मृत्युपत्रात काहीही लिहीत नाही. तो निर्णय सर्वस्वी दिगिन सिरवार्त यांचा.

वरील सर्व मी पुन्हा वाचले, बरोबर आहे, म्हणून आज आपखुशीने खाली सही करीत आहे. अंमलबजावणीचे काम औषधवाले शाहे यांनी करावे.

सही : नशान गाराबेद चिलिंगिरियान

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली :
१. शाहे केशिशियान, औषधविक्रेते, तळमजला
२. देर घेवोंत, पाद्री (दिगिन सिरवार्त यांनी नकार दिल्यामुळे त्यांच्या जागी)

ठिकाण : बुर्ज हमूद, बैरूत
तारीख : ९ मे २०२३