चढाकडचा टोला

लाखनी
२१ नोव्हेंबर २०११

दादास जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आई बरी आहे. करडी गावच्या शेतातलं धान कापून झालं, चुरणं-मळणी बाकी आहे. तुझी भावजय, हर्षा, तुझी आठवण काढते.

एक विचारायचं होतं. ४ डिसेंबरला, रविवारी, माझी परीक्षा आहे. गोल्फ क्लबचं मंडळ बदललं. शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर एक फेरी खेळून दाखवायची, ठरलेल्या टोल्यांत, तरच नोकरी पुढे. तू म्हणशील, अतुलला त्यात काय अवघड? लहानपणी बॅगा वाहून ही टेकडी आपल्याला पाठ झालेली.

पण मला आता वेगळं खेळावं लागतं. पहिल्या होलला मोहाच्या झाडांवरून मारणं सोडलं. चौथ्याला जमीन डावीकडे बोडीच्या पाण्याकडे उतरते, तिथं उजव्या सागांवर नेम धरतो, चेंडू घरंगळत आपोआप मधे येतो. झेंड्यावर थेट नेम कधीच नाही. चेंडू होलच्या खालच्या अंगाला थांबला पाहिजे, म्हणजे शेवटचा टोला चढाकडे, जरा जोरात मारता येतो. जोरात मारताना हात लपतो. उतारावर अलगद ढकलायचं असलं की उघडा पडतो.

हात, दादा. उजवा.

पावसाळ्यापासून कापतो. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, गोळ्यांनी दबेल, जाणार नाही. हर्षाला सांगितलेलं नाही. ती उठायच्या आधी मी शर्टाची बटणं लावून बसतो. बशीत कप वाजतो म्हणून चहा सोडला, तिला पित्ताचं कारण सांगितलं. परवा सेक्रेटरी घनश्यामबाबूंनी विचारलं, “हात काहून कापून राहिला, मास्तर?” ताप आहे म्हणालो.

मला दुसरं काम येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आठव्याचं ग्रीन, होलभोवतीची ती हिरवळ, मात्र चहूबाजूंनी उतरतं; होलच्या खाली चेंडू टिकतच नाही, गवतात जातो. तिथं चेंडू कुठं थांबवायचा, मला सुचत नाही. खेळताना सल्ला फक्त आपल्या कॅडीचा घेता येतो. तू माझी बॅग उचलायला ये. या जागेसाठी आपण दोघांनी अर्ज केले, त्यांनी मला घेतलं, तेव्हापासून तू बोलत नाहीस. नको बोलू. कुठं मारू ते नुसतं बोटानं दाखव.

ये रे दादा.

अतुल


लाखनी
५ डिसेंबर २०११

दादा,

तू आला नाहीस. मी सकाळी स्टँडवर उभा राहून गाड्या पाहिल्या. शेवटी बॅग हर्षानं उचलली.

सातव्यापर्यंत निभावलं. आठव्याला चेंडू होलच्या वरच्या बाजूला थांबला. अलगद ढकलायला गेलो आणि हात असा झटकला की चेंडू ग्रीनवरून उतरून खाली गवतात गेला. तिथून वर आणला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी वाकलो तेव्हा हर्षानं माझं मनगट धरलं.

“कवापासून?” तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं.

“मले काहून नाही सांगितलं? मी का परकी होती?”

फेरी तिथंच सोडली. घनश्यामबाबूंकडे गेलो, ताप नव्हता म्हणालो, खरं काय ते सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लास हर्षानं माझ्या तोंडाला लावला, सगळ्यांदेखत.

रात्रभर ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

ती जागा आता रिकामी आहे. मी तुझं नाव सांगून आलोय, तुला न विचारता. राग माझ्यावर ठेव, पण नोकरी घे. आणि मला मैदानावर येऊ दे. तू मारून दाखव, मी बाजूला उभा राहून शिकणाऱ्यांना सांगेन, इथं जमीन कुठं ओढते, चढावर काठी कोणती घ्यायची. पगार नको. घरात भिंतीकडे पाहत बसलो तर मी टिकणार नाही, दादा. हे मी तुला धमकावायला सांगत नाही. मला भीती वाटते, म्हणून सांगतो.

तू नाही म्हणालास तर कुठं जाऊ, ते मला कळत नाही.

तुझ्या एका शब्दावर अडकलेला,
तुझा धाकटा
अतुल

(सांगणारा तो, लिहिणारी हर्षा. भाऊजी, या.)